वाडीतला लालथांगा चौक

वाडीतल्या धर्मेंद्र भोयरांना कारगिलच्या लढाईत शौर्यपदक मिळालं; पण ते कशाबद्दल, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. मी चहा पाजून पाहिला, टोमणे मारून पाहिले. गडी ढिम्म!

यंदा मोहल्ल्याने चौकाला त्यांचं नाव दिलं आणि पेंटरने सवयीने त्यापुढे ‘शहीद’ रंगवलं. एका ट्रकवाल्याने तर पाटीला हारही घातला. धर्मेंद्रजी शेजारीच उभे!

त्यांच्या पत्नी गोपिकावहिनी पेंटरवर कडाडल्या, “काहून गा, मी काय तुले विधवा दिसून राहिली? पूस ते शहीद!”

पेंटर शिडीवर चढला, तसे धर्मेंद्रजी म्हणाले, “शहीद राहू दे गा. माझं नाव पूस. तिथं लालथांगा लिही.”

“हा कोण?” मी लगेच विचारलं.

“मिझोरमचा, माझ्या तुकडीतला. गोळ्या चालू असताना त्याले खांद्यावर घेऊन खाली आणला, म्हणून मले पदक भेटलं. पण खाली पोचलो तेव्हा तो गेला होता.”

वहिनींनी पुढे होऊन शिडी धरली.

आता चौकात कुणीही विचारतं, “हा लालथांगा कोण?” आणि इतकी वर्षं गप्प राहिलेले धर्मेंद्रजी त्याला बसवून सगळं सांगतात. मला मध्ये बोलूसुद्धा देत नाहीत.