चालू ड्रोनचा पंचनामा

पोलीस ठाण्यात मुद्देमालाची एक खोली असते. एकदा आत गेलेली वस्तू कोणी सोडवून नेत नाही आणि आम्हाला ती फेकताही येत नाही. आमच्याकडचे किस्से तसेच साठलेत. चहाला चार माणसं जमली की एखादा बाहेर काढायचा, धूळ झटकायची, परत आत. पण गेल्या वर्षभरात ड्रोनचे एवढे साठले की दार लागेना! म्हणून सांगतो. ठाणं कुठलं ते मात्र विचारू नका. मावळातलं आहे, लोणावळ्याच्या अंगाला, एवढ्यावर भागवा. मला अजून नोकरी करायचीय.

मी शेळके, हवालदार. ठाण्याचे चार ड्रोन मी उडवायचो. कोर्सबिर्स काही नाही, भाचा लग्नांचं शूटिंग करतो, त्याच्याकडून शिकलो. शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या गर्दीवर नजर ठेवायची, आणि दरीत कोणी हरवलं की शोधायचं. दुसरं काम खरं. आमच्याकडच्या दऱ्या वरून मऊ गालिचा दिसतात, आत उतरलं की हातभर पुढचं दिसत नाही. अशा ठिकाणाहून मी पाच माणसं जिवंत शोधून दिलीत. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. सांगतो कारण पुढे जे झालं, त्यात हेच पणाला लागलं होतं.

* * *

होळी झाली आणि वरून पत्र आलं. जुने ड्रोन जमा करा, नवे स्वदेशी घ्या. जुन्यांत परदेशी भाग आहेत, माहिती बाहेर जायची भीती. ठीक आहे, पटलं. पण खाली अट होती : जुना ड्रोन चालू स्थितीतच हवा. बिघडलेला घेतला जाणार नाही. आणि संच पूर्ण हवा, चारातला एक जरी बंद निघाला तरी चारही परत!

मी आपलं सहज विचारलं, "साहेब, चालू आहेत तर बदलायचे कशाला?"

आमचे साहेब मोठे शांत गृहस्थ. चष्म्यावरून बघत म्हणाले, "शेळके, तू उडवत जा. विचार आम्ही करतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचार केला आणि उडवणंही बंद केलं! "उडवला आणि पडला म्हणजे? अख्खी योजना बोंबलेल." चारही ड्रोन लोखंडी कपाटात गेले, कपाटाला लाखेचं सील लागलं. पंधरा दिवसांनी सील काढायचं, बॅटऱ्या चार्ज करायच्या, परत सील. उड्डाणाच्या रजिस्टरला मी रोज लिहायचो, 'निरंक'. आठ महिने लिहिलं. माझं अक्षर सुधारलं, एवढा फायदा झाला.

* * *

मध्ये नव्या ड्रोनचा नमुना आला. सोबत कंपनीचा माणूस, जाकीट घातलेला, दर वाक्याला 'सर' म्हणणारा. ठाण्याच्या मैदानात सगळे गोळा झालो. त्याने बटण दाबलं. ड्रोन ढिम्म!

मोबाइलवर सूचना आली : 'या भागात परवानगीशिवाय उड्डाण करता येणार नाही. कृपया स्थानिक पोलीस ठाण्याशी संपर्क साधा.'

साहेब म्हणाले, "अहो, मग मीच देतो की! दिली परवानगी!"

"सर, तोंडी नाही चालत. ऑनलाइन अर्ज करावा लागेल."

साहेबांनी तिथेच उभ्या उभ्या, स्वतःच्या नावाने अर्ज केला. तो कुठे यावा? आमच्याच ठाण्याच्या मेलवर. मेल बघतो आमचा रायटर गायकवाड. म्हणजे ठाण्याचं सगळं लिखाण करणारा. गायकवाड कागद बघतो, नाव बघत नाही. नोकरीत वीस वर्षं काढली गड्याने, ती याच जोरावर. दहा मिनिटांत उत्तर आलं : 'अर्जदाराने मूळ ओळखपत्रासह ठाण्यात समक्ष हजर राहावे.'

आणि आमचे साहेब मैदानातून आत गेले, गायकवाडच्या टेबलासमोर उभे राहिले आणि ओळखपत्र दाखवलं! गायकवाडने उभं राहून सॅल्यूट ठोकला आणि म्हणाला, "सर, झेरॉक्स?"

* * *

पावसाळ्यात भुशीला माणसांचा पूर. ड्रोन कपाटात. पण वरून आदेश की हवाई निरीक्षण झालंच पाहिजे, त्याचा अहवाल दर सोमवारी पाठवा. साहेबांनी परत विचार केला. आमच्या शिपाई जाधवला एका हॉटेलच्या गच्चीवर, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर छत्री देऊन बसवलं. हातात दुर्बीण, गळ्यात शिट्टी. अहवालात लिहिलं, 'उंचावरून निरीक्षण केले.' खोटं म्हणायला जागा नाही!

जाधव बेगडेवाडीहून सकाळी डबा घेऊन यायचा आणि दिवसभर टाकीवर. खालून पोरं ओरडायची, "काका, वरून आमचा एक फोटो काढा ना!"

एका रविवारी पायऱ्यांवर चेंगराचेंगरी झाली, एका बाईचा हात मोडला. जाधवला टाकीवरून तो कोपरा दिसतच नव्हता. लोकांनी शिव्या त्यालाच दिल्या. संध्याकाळी खाली उतरला तर पायांना गोळे आलेले. म्हणाला, "शेळके, तुझे ते चार बरे आहेत रे, कोरड्या कपाटात." मला हसायला आलं नाही.

* * *

आता हा किस्सा माझ्या गाढवपणाचा. लपवत नाही.

खंडेनवमीला ठाण्यात शस्त्रपूजा असते. रायफली, लाठ्या, बेड्या, वायरलेस, जीप, सगळं पुजतो आम्ही. मी दरवर्षी ड्रोन पुजायचो. यंदाही बॅटऱ्यांसाठी सील निघालं होतंच, म्हटलं यांनी काय पाप केलंय? चौघांना टेबलावर मांडलं. हळद, कुंकू, झेंडू. नारळ फोडला, त्याचं पाणी शिंपडलं. मनापासून हात जोडले. म्हटलं, बाबांनो, लवकर बाहेर या.

त्याच आठवड्यात जमा करायच्या वस्तूंचे फोटो वर पाठवायचे होते. गायकवाडने फोटो काढले आणि पाठवून दिले. त्याने म्हणे क्रमांक नीट आलेत एवढंच बघितलं.

वरून उत्तर आलं : 'चारही ड्रोनच्या पुढील भागास मोठ्या प्रमाणात गंज आढळला. समिती प्रत्यक्ष येऊन उड्डाण चाचणी घेईल. तोपर्यंत सील काढू नये.'

गंज! अहो, प्लॅस्टिकला गंज! कुंकू होतं ते! मी दुसऱ्याच दिवशी दात घासायचा ब्रश आणला, पण आता कपाट उघडायचीसुद्धा सोय नव्हती.  

* * *

दिवाळी उरकली. समितीची तारीख आली. आणि तिच्या दोन दिवस आधी, सकाळी दहाच्या सुमारास हिराबाई ठाण्यात आली.

कुसगावच्या वरच्या अंगाला त्यांची वस्ती. साठीची बाई, पायात चप्पल नाही, धापा टाकत. "सायेब, आमचं मालक काल म्हस हुडकाया गेलतं. म्हस घरी आली, त्ये न्हाई आलं."

मी विचारलं, "कुठल्या बाजूला गेले, मावशी?"

"दरीकडं. तितं गवत लय वाढलंय. रातभर हाका मारल्या आमी. एकदा वाटलं त्येंनी ओ दिली, पर नक्की न्हाई."

आभाळ स्वच्छ होतं. वारा नव्हता. ड्रोन उडवायला याच्याहून चांगला दिवस मागूनही मिळत नाही. कपाट माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"साहेब, अर्धा तास द्या. माणूस जिवंत आहे बहुतेक."

"सील आहे, शेळके."

"साहेब, पंचनामा करून काढू. परत लावू."

"'सील काढू नये' असं लेखी आहे. आणि गंजाचं प्रकरण कोणामुळे झालं?" मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "परवा समिती येतेय. एक पडला तर चारही जातील. मग पुढे कुणालाच ड्रोन नाही. बाहेर जाऊन सांग, ड्रोन बंद आहेत."

मला तेव्हा ते सील तोडता आलं असतं. कपाट लाकडी नव्हतं, लोखंडी होतं, पण किल्ली माझ्याच खिशात होती. मी तोडलं नाही. पेन्शनला थोडी वर्षं राहिलीत, लेकीचं शिक्षण चाललंय, वगैरे वगैरे. ही सगळी कारणं मी तेव्हापासून रोज स्वतःला ऐकवतो. बाहेर आलो आणि हिराबाईला सांगितलं, "मावशी, ड्रोन बंद आहेत." साहेबांनी नाही. मी सांगितलं.

ती म्हणाली, "मंग ऱ्हाऊ द्या. बंद हाय तर तुमी तरी काय करनार, भाऊ?"

आम्ही सहा पोलीस आणि गावातले लोक दोर घेऊन दरीत उतरलो. गवत डोक्याच्या वर. दोन दिवस हाका मारून माझा घसा बसला. एक चप्पल सापडली. हिराबाईला दाखवली, तिने ओळखली. मग ती ठाण्याच्या गेटजवळ येऊन बसली. जाधव दोन्ही दिवस आपला डबा द्यायचा तिला. ती घ्यायची आणि शेजारी ठेवून द्यायची.

* * *

तिसऱ्या दिवशी समिती आली. तीन साहेब, दोन गाड्या. मला दरीतून बोलावून घेतलं, कारण चाचणीला उडवणार कोण?

सील काढायचं, चाचणी घ्यायची, म्हणजे पंचनामा आला. पंचनाम्याला दोन पंच लागतात. आमचा नेहमीचा पंच म्हणजे समोरचा चहावाला. पंचवीस वर्षांत या हद्दीत चोरी झाली, दारू पकडली, काहीही झालं तरी सही त्याचीच! पण तो गेला होता दोर धरायला. गल्लीतले बाकीचेही तिकडेच. एका हॉटेलचा वॉचमन मिळाला, दुसरा कोणी मिळेना.

समितीला घाई. आमचे साहेब ओरडले, "गायकवाड, कोणी तरी आण!"

गायकवाड कागद घेऊन पळाला. गेटवर एक माणूस बसलेलं दिसलं, त्याने उठवून आणलं. गायकवाड चार दिवस रजेवर होता, त्याच सकाळी आलेला; ही बाई कोण, ते त्याला ठाऊक नव्हतं. "मावशी, काही करायचं नाही. नुसतं बघायचं आणि सही करायची."

हिराबाई मैदानाच्या कडेला येऊन उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

पहिला ड्रोन वर गेला. आठ महिन्यांनी, हळदकुंकवासकट! काय सुरेख गेला म्हणून सांगू! मैदानावर गोल फिरवला, खाली-वर केला. समितीचे साहेब स्क्रीनवर वाकून म्हणाले, "व्वा! रस्त्यावरच्या गाडीचा नंबर वाचता येतोय की!" स्क्रीनच्या वरच्या कडेला दरीचं गवत दिसत होतं. माझ्या अंगठ्याने मी ड्रोनचं तोंड तिकडे वळवलं. थोडंसंच.

"अहो हवालदार, मैदानाच्या हद्दीत ठेवा."

मी हद्दीत ठेवला. मग दुसरा, तिसरा, चौथा. चारही गेले, चारही आले. समितीने टाळ्या वाजवल्या. आमचे साहेब रुमालाने चष्मा पुसत होते. तेवढ्यात त्यांनी हिराबाईला ओळखलं. पुसतच राहिले.

गायकवाड टेबलावर बसून खड्या आवाजात वाचू लागला, "आम्हां पंचांसमक्ष सील उघडून चारही ड्रोन उडविले असता ते सुस्थितीत व चालू असल्याचे आढळून आले. वरील मजकूर वाचून दाखविला, तो बरोबर व खरा आहे." आणि पेन पुढे केलं. "मावशी, इथे. अंगठा चालेल."

"सही येती मला," हिराबाई म्हणाली. "चालू हाय, असंच लिवलंय न्हवं?"

"व्हय मावशी."

तिने पेन घेतलं. एकेक अक्षर लावत सावकाश सही केली. समितीच्या साहेबांनी कागद ओढला, शिक्का मारला, चौघांना पेटीत ठेवायला सांगितलं. तिने पेन टेबलावर ठेवलं आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"भाऊ, झाला ना कागद? आता उडवा."