यंदा पाडव्याला ‘गार-गरम’ कोण म्हणणार?

मंडळी, दुपार झाली तरी सकाळचा प्रसंग मनातून जात नाही, म्हणून लिहिते.

आमच्या नारायण पेठेतल्या घरी दिवाळीच्या पाडव्याला नातीला, सईला, भेटवस्तू कधी सरळ हातात मिळत नाही. आजोबा ती लपवून ठेवतात आणि सई शोधू लागली की ओरडतात, "गार... गार... गरम!"

यंदा उन्हाळ्यात ह्यांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली, उजवा हात लुळा पडला. मी सईला म्हटलं, "या वर्षी खेळ नको गं. त्यांना वाईट वाटेल."

"आजी, नाही खेळलो तर जास्त वाईट वाटेल."

मग सईला बाहेर पाठवून ह्यांच्या देखत मी रंगपेटी तांदळाच्या डब्यात लपवली. ती शोधू लागली, तसे हे डाव्या हाताने खुर्चीवर ठोकू लागले. ती लांब गेली की हळू, जवळ आली की जोरात. ती डब्यापाशी पोचली तेव्हा खुर्ची दणाणत होती.

"आता तुमची पाळी, आजोबा!" म्हणत सईने त्यांची चाकांची खुर्ची ‘गार... गरम’ करत घरभर फिरवली. शेवटी उशीखाली सापडला तिने त्यांच्यासाठी लपवलेला व्यायामाचा मऊ चेंडू. तो तिने त्यांच्या उजव्या हातात ठेवला. बोटं मिटेनात. तिने एकेक बोट हळूच मिटवलं आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून बसली.

हे रडले. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

जपायच्या नावाखाली आपण आजारी माणसाला घरातल्या आनंदातूनच वगळतो का हो? तुम्हाला काय वाटतं?