नखाचा डाग

नालवाडीच्या भाजीबाजारात आज सकाळी एका बाईने दुधी भोपळ्याच्या देठाजवळ हळूच नख रोवलं, आणि नेमका तेव्हाच शेजारच्या पानठेल्यावर घोटल्या जाणाऱ्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचा उग्र वास नाकात शिरला. ही दोन्ही एकत्र आली की मला माझे धाकटे काका आठवतात. ते गावाबाहेरच्या मळ्यात भाजी पिकवायचे आणि इथेच बसून विकायचे. गालात खर्र्याचा बार आणि नजर गिऱ्हाइकांच्या बोटांवर. "नख नोका लावू बाई, लवकी आतून सडते," असं दिवसातून पन्नासदा ओरडायचे. डाग पडलेला दुधी पुढे काळवंडतो, हे खोटंही नव्हतं.

त्यांच्या गालातला चट्टा बरा होईना आणि जबड्याखाली सुपारीएवढी गाठ हाताला लागली, तेव्हा मीच त्यांना दवाखान्यात नेलं. चट्ट्याचा तुकडा काढू, गाठीत सुई घालून तपासू, असं डॉक्टर म्हणाले. काका खुर्चीवरून उठलेच. बाहेर येऊन म्हणाले, "सालीत आहे तवर ठीक आहे. सुई टोचली का पसरते ते. तू शिकेल आहेस, तू सांग." माझा स्वभाव मुळातच संशयी. दुकानदाराने तराजू पुसला तरी मला त्यात काळंबेरं दिसतं. सुईने आजार पसरत नाही, उशिराने पसरतो, असं डॉक्टरांनी दोनदा समजावलं होतं. पण पाचच मिनिटांत सुईची भाषा करणाऱ्या आणि मधेच शेजारच्या डॉक्टरीणबाईंकडे पाहणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसेना. "थोडं थांबून पाहू," मी म्हणालो. दिवाळी गेली, संक्रांत गेली. गाठ लिंबाएवढी झाली आणि तिच्या खाली दुसरी आली, तेव्हा कुठे काकांनी गालातला तुकडा काढू दिला; गाठीला सुई मात्र लावू दिली नाही.

होळीच्या सुमारास शस्त्रक्रिया झाली. मानेतल्या गाठी काढून तपासायला गेल्या. रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी सावकाश सांगितलं, की आता पुढचं बरंचसं मानेवर ठरेल. किती गाठींत आजार पोचला, एका बाजूला की दोन्हीकडे, आणि मुख्य म्हणजे गाठीचं वेष्टण फोडून तो बाहेर आला का. मला अर्धंच कळलं. भाजी पिकवणाऱ्या काकांना मात्र सगळं कळलं. सुजलेल्या तोंडाने, अडखळत त्यांनी विचारलं, "म्हंजे साल फुटली का?"

"हो."

"सुई न टोचताच?"

"न टोचताच."

"दिवाळीत सालीतच होतं का ते?"

"ते आता कोणालाच सांगता येणार नाही."

मी त्यांच्या नजरेची वाट पाहत उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. पुढे किरणांचे शेक झाले, औषधं झाली, आणि पुढच्या दिवाळीआधी काका गेले. तेवढ्या महिन्यांत त्या 'थांबून पाहू'चा त्यांनी एकदाही उल्लेख केला नाही. विसरले होते, की मला जपत होते? जगावर संशय घेणाऱ्या मला स्वतःच्या सल्ल्याचा तेवढा संशय आला नव्हता, याची मला लाज वाटते. आजही दाढी करताना बोटं आपोआप जबड्याखाली चाचपतात.

काकांच्या जागी आता काकू बसतात. सकाळी त्या बाईने नख रोवलं, तेव्हा मीच ओरडलो, "नख नका लावू!" काकूंनी माझा हात धरून खाली घेतला. "लावू दे बाबू. पाह्यलं नाई म्हणून सडाचं थांबते का?"

दिवाळीपूर्वी दवाखान्याबाहेर मी काय बोललो होतो, हे काकूंना ठाऊक आहे का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही. बाईने तो दुधी ठेवून दुसरा घेतला. डागाचा मी घरी आणला आणि लगेच चिरला. आतून पांढरा, कोवळा, अगदी स्वच्छ होता. नख सालीच्या खाली गेलंच नव्हतं.