फेरोचा शर्ट

माझ्या थोरल्या जाऊबाई लॅटिन शिकल्या त्या इस्त्रीच्या टेबलावर. शाळेत हाच एक विषय राहिला आणि तिथेच त्यांचं शिक्षण थांबलं. पुढे सव्वीस वर्षं घरच्या लाँड्रीत शर्ट करण्यात गेली. मग दवाखान्याच्या औषध विभागात मदतनीस हवी, पण शाळेचं प्रमाणपत्र पाहिजे, असं कळलं. त्यांनी फॉर्म भरला. दोनदा नापास झाल्या. तिसरी खेप नियमाने शेवटची.

"आता कपडे लॅटिनमध्ये वाळणार म्हणायचे," मोठे दीर म्हणाले.

"वाळत घालायचं काम तुमचं. भाषा तुम्हीच ठरवा."

शिकवायला आमचंच गिऱ्हाईक होतं, निवृत्त मास्तर. शर्ट द्यायला आले की काउंटरवर टेकून धडा द्यायचे. जाऊबाई अडायच्या 'फेरो' या क्रियापदापाशी. अर्थ वाहून नेणं, आणणं, सोसणंसुद्धा. पण भूतकाळात गेलं की त्याचं एकदम 'तुली' होतं. मोठ्या पदावर गेलेल्या नातेवाइकासारखं, ओळखच दाखवत नाही.

मग त्यांनी आपली युक्ती काढली. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते अशी रूपं सहा, आणि शर्टही आम्ही सहा टप्प्यांत करतो. कॉलर, फेरो. खांदे, फेर्स. डावी बाही, फेर्ट. उजवी बाही, फेरिमुस. पाठ, फेर्टिस. पुढचा भाग, फेरुंट. एक शर्ट वर्तमानकाळाचा, दुसरा भूतकाळाचा. महिन्याभरात मलाही पाठ झालं, आणि मी तर गणितातही कशीबशी पास झालेली.

लेखी निभावली. तोंडी परीक्षेला मी सोबत गेले, बाहेरच्या बाकावर बसले. दार अर्धं उघडं होतं. परीक्षकांनी मधूनच विचारलं, "फेरोचं 'तुम्ही वाहता' सांगा."

आम्ही नेहमी कॉलरपासून निघालो होतो. मधून कधी कुणी विचारलंच नव्हतं. मी देवाला म्हटलं, बाकीचं त्यांचं त्यांनी केलंय, कॉलरपासून यायला वेळ तेवढा मिळू दे.

त्यांनी तळहात टेबलावर ठेवला आणि सरकवायला लागल्या.

"काय करताय बाई?"

"शर्ट करतेय, सर. पाठ आली की सांगते."

हात खांद्यांवरून बाह्यांवर गेला, मग लांब, सपाट फिरला. "फेर्टिस."

"आणि भूतकाळात, 'आम्ही वाहिलं'?"

"दुसरा शर्ट घ्यावा लागेल."

"घ्या."

हात परत कॉलरपाशी आला. उजव्या बाहीवर थांबला. "तुलिमुस."

आठवड्याने निकाल लागला. पास. मोठ्या दिरांनी कागद दोनदा वाचला आणि ते कपडे वाळत घालायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर जाऊबाई शर्टाची पाठ आधी करत होत्या. मग एक बाही, मग एकदम खांदे.

"ताई, हे काय उलटसुलट? कॉलर चुरगळेल."

"चुरगळू दे, परत करेन," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून दवाखान्यात जायचंय. तिथे खिडकीशी उभा असलेला माणूस औषध मधूनच विचारणार. त्याला काय सांगू, थांबा, कॉलरपासून येते?"

आणि त्यांनी पुढचा शर्ट बाहीपासून सुरू केला.