चिंचेनं घासलेली रायफल

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. आईच्या काळजाची झडप निकामी झालीय, मुंबईला नेऊन ऑपरेशन केलं तरच वाचेल, असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं. जमीन भावकीच्या दाव्यात अडकलेली, तिच्यावर कोण दमडी देणार? मी कुपवाडला लेथवर होतो, माझा पगार औषधांतच संपायचा. राहता राहिली आजोबांची रायफल.

आजोबा पलटणीत होते. त्यांच्या गोऱ्या साहेबानं विलायतेला परत जाताना ती त्यांना दिलेली. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढून वर दाबली, की पुढची गोळी नळीत चढायची. असल्या जुन्या रायफलीला शौकीन लोक उसाच्या रानाचा भाव देतात, असं गावातले रिटायर सुभेदार छातीठोक सांगायचे. आम्ही त्यावरच विसंबलो. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय!

परवाना खिशात घालून आणि रायफल जुन्या धोतरात गुंडाळून वडील साताऱ्याकडच्या आमच्या गावाहून एसटीनं सांगलीला आले. आम्ही दोघं बंदुकांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं भिंग काढलं. आधी स्क्रू पाहिले, मग दस्त्याचं लाकूड. दोन्ही मूळचीच आहेत म्हणाला. कडी खालीवर केली, नळी उजेडाकडे धरून आत पाहिलं. वडील माझ्याकडे बघून चक्क हसले. आई आजारी पडल्यापासून त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं. मग दुकानदारानं नळीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ही घासली कुणी?

वडिलांनी अभिमानानं सांगितलं. खंडेनवमीला हत्यारं पुजायची, त्याच्या आदल्या दिवशी आई रायफल चिंचेनं आणि विटकरीच्या भुकटीनं घासायची, देवाची भांडी घासावीत तशी. गावातल्या बाकीच्या बंदुका काळ्या, आमची चांदीवाणी लख्ख. लग्न होऊन आली तेव्हापासून एक वर्ष चुकवलं नव्हतं तिनं.

"पाव्हणं, गंज असता तरी चाललं असतं," दुकानदार म्हणाला.

मूळचा निळसर काळा रंग चिंचेनं खाल्ला होता आणि कारखान्याचा छाप विटकरीनं पुसला होता. आता ही अस्सल म्हणून कोण घेणार? मोडीचा भाव येईल, तोही कुणी मेहेरबानी केली तर. माझं डोकं असं सणकलं! पण राग काढायचा कुणावर? ज्या हातांनी घासली, त्याच हातांना मिरजेत सलाईन लावलं होतं.

मिरजेच्या गाडीत वडील एवढंच बोलले, "तिला खरं सांगायचं न्हाई. आपल्याच हातानं घालवलं म्हणून झुरंल ती."

आई वाटच बघत होती. रायफलीचं काय झालं, म्हणून तिनं विचारलं.

"न्हाई इकली," वडील म्हणाले. "बाची निशाणी हाय. मन हुईना."



"बरं केलंसा," आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

त्यानंतर ती वडिलांशी पाणी द्या, औषध द्या, एवढंच बोलायची. ते मुकाट्यानं द्यायचे. पौषात ती गेली. नवऱ्याला आपल्यापेक्षा बंदूक प्यारी, असंच समजून गेली.