पिसाचा मनोरा

आमच्या चकलांब्यात शेळ्या राखणारा माझा एक शेजारी होता. निजामाच्या मोगलाईतून नगरला जाऊन तो इंग्रजांच्या पलटणीत भरती झाला आणि इटलीतली लढाई करून परतला. तेव्हापासून त्याला एका जागी बसवत नसे. बोलताबोलता ओट्यावरून उतरायचा, पुन्हा चढायचा. लढाईचं कुणी विचारलं की एकच सांगायचा, सुट्टीच्या दिवशी आगगाडीनं जाऊन पाहिलेला पिसाचा झुकलेला मनोरा.

एकदा लढाईत मेलेल्या त्याच्या सोबत्याची आई आली. म्हणाली, “माझं लेकरू कसं गेलं, सांग बाबा.”

तो फेऱ्या मारू लागला. “मावशी, आमी दोघं मनोरा बघाया गेलतो. आदी म्हनला, ह्यो पडंल, मी न्हाई चढत. मग माझ्याआदी वर. वरून मला हाका मारीत लई हसला.”

“जेवला व्हता का?”

“पोटभर. येताना गाडीत माझ्या खांद्यावर झोपला.”

“आन् मग?”

तो अनवाणीच शेळ्यांकडे निघून गेला. मी त्याला हाक मारायला उठलो, तर म्हातारीनं माझा हात धरला.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “हसला व्हता, एवढं कळलं.”