दिल्लीच्या थंडीला तवा कशाला

पाटोद्याजवळच्या वस्तीवरील मालनबाईंनी सत्तावीस वेळा संसार बांधून घर सोडले होते, आणि सत्तावीसही वेळा ऊसतोडीसाठी. दिवाळी सरली की मुकादमाचा ट्रक दारात यायचा. गोधड्या, पिठाचा डबा, कोयते चढायचे. तवा सगळ्यांत शेवटी, कारण वाटेसाठीच्या भाकरी भाजून झाल्याशिवाय तो मोकळा होत नसे. सुट्टी म्हणून कुठे गेल्याचे त्यांना आठवत नव्हते.

आता तोडीला जाणे थांबले होते, आणि दिल्लीत नर्स असलेल्या लेकीने, ज्योत्स्नाने, जानेवारीत आठ दिवसांसाठी बोलावले होते. याआधी तिने दोनदा तिकीट काढले आणि दोन्ही वेळा आईने ऐन वेळी पाय मागे घेतला. या खेपेला तिने बजावले होते, "आता न्हाई आलीस तर पुन्हा बोलवणार न्हाई."

मांजरसुंब्याची जीप दहाला होती. नऊ वाजले तरी मालनबाई भरलेली पिशवी पुन्हा उपसत होत्या. लेकीने सांगितलेले सगळे घेतले होते: स्वेटर, कानटोपी, लोकरी मोजे. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. थंडी त्यांना ठाऊक होती. दवाने भिजलेल्या उसात बोटे बधिर व्हायची, पण चार मोळ्या बांधल्या की घाम फुटायचा. नुसते बसून राहायच्या थंडीला काय घ्यावे, हे कुणाला विचारणार? शेवटी हात सवयीने चुलीकडे गेला आणि तवा पिशवीच्या तळाशी बसला.

"अगं, आठ दिवसाला चाललीस का कारखाना बंद हुईस्तवर?" नवऱ्याने, शहादेवने, ओट्यावरून विचारले.

"तुमाला काय कळतंय? परमुलखात कुणाच्या दारात तवा मागू?"

"लेकीच्या!"

तेवढ्यात लेकीचाच फोन आला.

"आई, मोजे घातलेस का?"

"घातले. दावं लावल्यावानी वाटतंय."

"आन् पिशवी कावून एवढी जड झाली? बाबा मागून म्हणतायत."

मालनबाईंनी पिशवीत हात घातला. मग म्हणाल्या, "तवा हाय."

ज्योत्स्नाने विचारले, "मी लपवला होता, तोच?"

ज्योत्स्ना तेव्हा आठ वर्षांची होती. तिला चुलतीकडे ठेवून दोघे निघाले होते. तवा सापडला नाही तर कुणालाच जाता येणार नाही, असा तिचा हिशेब होता. बाहेर ट्रक भोंगा वाजवत होता. मालनबाईंनी धान्याच्या कणगीमागून तवा ओढून काढला, पोरीला मारले आणि ट्रकमध्ये चढल्या. त्यानंतर पाच महिन्यांनी त्यांनी तिचे तोंड पाहिले.

"लई मारलं होतंस तू."

"एकच चापट मारली होती."

"दोन."

मालनबाईंनाही आठवत होते. दोनच होत्या.

"ये तू, आई. माझ्याकडं तवा हाय."

फोन ठेवून त्यांनी तवा बाहेर काढला, कणगीमागच्या त्याच फटीत उभा सारला आणि पिशवीचा बंद ओढला.

"अगं, मग मी भाकर कशावर भाजू?" आत डोकावलेल्या शहादेवांना चुलीजवळ तवा दिसला नाही.

"हुडका," म्हणत मालनबाई उंबरा ओलांडून गेल्या. जीपमध्ये बसल्यावर मात्र त्यांचा हात पिशवीच्या तळाशी पुनःपुन्हा चाचपत राहिला.